वर्कशॉपच्या जमिनीत साखळीच्या कड्या बसवताना

प्रश्न : केज तालुक्यात माझे ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. ऊसवाहतुकीत वाकलेल्या ट्रॉल्यांची चेसिस सरळ करण्याचे काम गाळप हंगाम संपला की बरेच येते. त्यासाठी 40 बाय 30 फुटांचे नवे शेड उभारत असून, 5 टनांच्या चेन पुलीने ओढता येईल अशा कड्या जमिनीत हव्या आहेत. गवंडी म्हणतात, आधी 4 इंचांचा कोबा करू, मग ड्रिल मारून बोल्ट ठोकू. जागा काळ्या मातीची आहे. हे चालेल का?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : हे करू नये, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. कडीचे लोखंड किती जाड आहे यापेक्षा तिच्याखाली किती काँक्रीट एकजीव होऊन बसले आहे, यावर तिची ताकद ठरते. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो धरतात. त्या हिशेबाने 4 इंची कोब्याचा एक चौरस मीटर तुकडा जेमतेम 240 किलोंचा भरतो. सरळ वर जाणारा 5 टनांचा ताण निव्वळ वजनावर पेलायचा, तर सुमारे 21 चौरस मीटर कोबा न तुटता एकत्र उचलला गेला पाहिजे. तसे होत नाही. बोल्टभोवतीचा शंकूसारखा तुकडा आधीच उपसून येतो. बोल्ट जितका खोल, तितका हा शंकू मोठा, आणि खोली दुप्पट केली तर काँक्रीटची पकड जवळपास 2.8 पट होते. 4 इंचांच्या कोब्यात खोली मिळणार तरी किती?

शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेला कोबा साखळी लावण्याआधीच तडकलेला असतो. म्हणून निदान 2 ते 3 फूट माती काढून, मुरूम पाणी मारत थराथराने रोलरने दाबून भरावा.

मुरुमात चर खणून त्यात 30 सेंटिमीटर रुंद व 45 सेंटिमीटर खोल आरसीसी बीम उभे-आडवे टाकावेत आणि कड्या त्यांच्या छेदांवरच ठेवाव्यात. ट्रॉली ज्या कडीला बांधली ती आणि पुली ज्या कडीला लावली ती, या दोन्ही एकाच अखंड बीममध्ये असल्या, की आडवे ताण बीमच्या गजांतच एकमेकांना तोलतात. मात्र साखळी 45 अंशांत तिरपी असेल, तर ताणाचा सुमारे 70 टक्के भाग वर उचलणारा असतो, हे विसरू नये. गजांची संख्या व जाडी स्थापत्य अभियंत्याकडून काढून घ्यावी. हा खर्च वाचवण्याचा नाही.

कडीसाठी टीएमटी गजाचा तुकडा वापरू नये. त्याची ताकद बरीचशी बाहेरच्या कडक थरात असते आणि तापवून वाकवला की ती जाते. 25 मिलिमीटरचा साधा माइल्ड स्टीलचा गोल गज यू आकारात वाकवून, त्याचे दोन्ही पाय बीमच्या खालच्या गजांपर्यंत न्यावेत आणि टोकांना जाड प्लेट जोडावी. वरचा भाग 6 इंची पाइपच्या तुकड्यात, कोब्याच्या पातळीखाली राहील असा ठेवावा, म्हणजे चाके अडकत नाहीत. कड्या बीमच्या जाळीला पक्क्या बांधून बीम आणि कोबा एकाच दिवशी ओतावा. कोब्याचे सांधे कड्यांवरून नेऊ नयेत.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. काम फेब्रुवारीच्या आत उरकले तर क्युरिंगला पाणी मिळते. उन्हाळ्यातच करायचे झाल्यास ओल्या गोणपाटावर प्लास्टिक अंथरून निदान 14 दिवस ओल टिकवावी. बोअरचे पाणी खारे असेल तर ते काँक्रीट कालवायला वापरू नये, कारण क्षारांमुळे गज आतून गंजतात. 28 दिवस पूर्ण होईपर्यंत कडीला साखळी लावू नये, आणि त्यानंतरही ओढताना साखळीच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.