एमएस्सी मॅथ्सच्या सेमिनारला प्युअरचा विषय घेऊ की अप्लाइडचा?

भाऊ, तू विचारलंय की एमएस्सी पार्ट टूला अर्धा तासाचा सेमिनार आहे, प्युअरचा विषय घेतला तर इम्प्रेशन पडेल की अप्लाइडचा. खरं सांगू का, समोर बसलेल्या सरांना त्याचं काही पडलेलं नसतं, पोराला फळ्यावर एक गणित शेवटपर्यंत नेता येतं का एवढंच ते बघतात, म्हणून 'ग्रुप थिअरी आणि तिचे उपयोग' असलं काही घेऊच नको, अर्धा वेळ व्याख्या वाचण्यात जातो आणि लोक मोबाईल काढतात.

मी जळगावचा, असे सेमिनार भरपूर ऐकलेत. माझ्या मते प्युअरमध्ये चक्रवाल घे, म्हणजे असली समीकरणं पूर्णांकात सोडवायची आपली जुनी रीत. एक्स स्क्वेअर वजा ६१ वाय स्क्वेअर बरोबर १, पूर्णांकात सोडव. फर्मा या फ्रेंच गणितीनं १६५७ मध्ये हेच ६१ चं गणित युरोपातल्या लोकांपुढं टाकलं होतं, आणि भास्कराचार्यांनी ते बाराव्या शतकातच बीजगणितात सोडवून ठेवलेलं. फळ्यावर असं कर. एक्स ८, वाय १ धर, ८ चा वर्ग ६४, ६१ गेले, उरले ३. आता असा एम शोध की ८ अधिक एमला ३ नं भाग जाईल आणि एमचा वर्ग ६१ च्या जवळ पडेल, ७ बसतो. नवा एक्स म्हणजे ८ गुणिले ७ अधिक ६१, भागिले ३, आले ३९. नवा वाय ८ अधिक ७, भागिले ३, म्हणजे ५. ताळा कर, ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक वजा ४. एकदा वजा ४ आले की ब्रह्मगुप्ताची दोन उत्तरं गुणून नवं काढायची युक्ती लावून थेट उत्तर, एक्स १७६६३१९०४९ आणि वाय २२६१५३९८०. वाय शून्य सोडलं तर यापेक्षा लहान उत्तरच नाही, हा आकडा लिहिला की मागच्या बाकावरचे पण मान वर करतात.

ही युक्ती का चालते, हे सर विचारणारच. तर ३९ अधिक ५ रूट ६१ ला २ नं भाग, त्याचा नॉर्म (म्हणजे रूटचं चिन्ह उलटं करून आलेल्या संख्येशी गुणाकार) वजा १ येतो, गुणाकार केला की नॉर्मही गुणले जातात, तिसऱ्या घाताला खालचा २ जातो आणि सहाव्या घाताला वजाचा अधिक होतो. झालं, अल्जेब्रिक नंबर थिअरी आली की नाही! आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, १२०७ चा, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. तो एका वाक्यात सांग आणि पुढं चल, गौरवगाथा सुरू केलीस की सर थांबवतात (थांबवायलाच पाहिजे).

अप्लाइडच घ्यायचं असेल तर साथ पसरण्याचं एसआयआर मॉडेल सगळे घेतात, कोविडनंतर तर ऐकून ऐकून कंटाळा आलाय. त्यापेक्षा रावेर-यावलकडच्या केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) घे. मावा ही कीड पसरवते तो, म्हणजे शास्त्रज्ञ रॉसच्या मलेरियाच्या मॉडेलसारखी दोन लोकसंख्यांची समीकरणं, इकडं झाडं तिकडं मावा. फरक असा की झाड बरं होत नाही, उपटून टाकावं लागतं, म्हणून 'रिकव्हरी रेट'च्या जागी उपटण्याचा रेट येतो आणि तो शेतकऱ्याच्या हातात असतो. शिवाय मावा हा व्हायरस फार वेळ बाळगत नाही, त्यामुळं माव्याच्या समीकरणात व्हायरस निघून जाण्याची टर्म मोठी धरावी लागते. मग एका रोगट झाडामुळं सरासरी एकाहून कमी नवीन झाडं रोगट व्हायला उपटण्याचा रेट किती पाहिजे, एवढंच काढ, तेवढ्यात अर्धा तास जातो.

फक्त डेटा कुठून आणला असं विचारतात, आणि मनानं टाकलेले आकडे लगेच ओळखू येतात. आकडे नसतील तर उपटण्याच्या त्या कमीत कमी रेटचं (थ्रेशोल्डचं) सूत्र अक्षरांत काढून तिथंच थांब, चालतं.