दाबोळी ते मोपा: दोन विमानांमध्ये साडेतीन तास पुरतील का?

तुमचा प्रश्न असा: विमान दुपारी ३ वाजता दाबोळीला उतरणार, पुढचं ६.३० ला मोपाहून सुटणार, तिकिटं वेगवेगळी काढलेली, सोबत वयस्कर आई आणि दोन चेक-इन बॅगा. माझं स्पष्ट मत, हे तिकीट आजच बदला.

दोन्ही विमानतळ गोव्याचेच, त्यामुळे तिकीट शोधताना दोन्हीकडची विमानं एकाच यादीत दिसतात आणि लोक फसतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स, तेवढं तिकिटावर नीट बघा. दाबोळी मुरगाव तालुक्यात वास्कोजवळ, तर मोपा पार उत्तरेला, पेडणे तालुक्यात. सरळ रेषेत अंतर चाळीसेक किलोमीटर, पण रस्त्याने साठच्या वर जातं.

मी म्हापशाचा, या रस्त्यावर माझं नेहमीचं जाणं-येणं असतं. दाबोळीहून कुठ्ठाळीपर्यंत फारसं अडत नाही. पूर्वी जुवारीच्या जुन्या पुलावर तासन् तास जायचे, नवा पूल झाल्यापासून ती कटकट संपली. आगशी, बांबोळीही पटकन मागे पडतात. खरी गोची पणजीपासून सुरू होते. मांडवी ओलांडून पर्वरीत शिरलात की ऑफिसं सुटायच्या वेळेला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. त्यात उन्नत मार्गाचं (खांबांवरच्या रस्त्याचं) काम चालू असेल तर रस्ता आणखी अरुंद. गिरी, म्हापसा, कोलवाळचा पूल पार करून धारगळला पोचलात की पुढे थेट विमानतळापर्यंत सहापदरी रस्ता आहे, तिथे गाडी सुसाट जाते.

पहाटे किंवा रात्री उशिरा सव्वा तासात पोचता येतं. दिवसा दीड तास धरा, संध्याकाळी दोन. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि चतुर्थीच्या आधीचे दिवस असतील तर दोन तासांचाही भरवसा धरू नका.

आता तुमचा हिशोब. विमान अगदी वेळेवर उतरलं तरी आईंना घेऊन, बॅगा उचलून टॅक्सीत बसेपर्यंत ३.५० होतील. दीड तासात पोचलात तर ५.२०. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे ५.३० ला बंद होतं. हाताशी उरली दहा मिनिटं, आणि तुमचा प्रवास नेमका संध्याकाळच्या गर्दीत. शिवाय तिकिटं स्वतंत्र असल्याने पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबणार नाही, पैसेही परत देणार नाही.

दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची मिळतात का ते आधी बघा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, टॅक्सीचा मोठा खर्च वाचेलच. तसं जमलंच नाही तर मधे किमान पाच तास ठेवा. गोव्यात ओला-उबर नाहीत. दाबोळीच्या प्रीपेड काउंटरवरून किंवा गोवा माइल्सच्या ॲपवरून गाडी करा. कदंबची सरकारी बस स्वस्त आहे, पण आई आणि बॅगांसह बस बदलत जाऊ नका.

पहिलं विमान सकाळचं मिळून मधे सहा तासांहून जास्त वेळ मिळाला तर वाटेत पणजीत आईंना निवांत जेवू घाला. मोपाला लवकर पोचून खुर्चीवर बसून राहण्यापेक्षा ते बरं, फक्त चारच्या आत पर्वरी ओलांडा.