चित्राला व्हार्निश कधी लावावे?

प्रश्न : गोदाघाटाचे तैलचित्र मी मे महिन्यात पूर्ण केले. त्यावर आता घरीच व्हार्निश लावावे काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : घरी अवश्य लावावे, परंतु आत्ताच नव्हे. तैलरंग जलरंगांसारखे पाणी उडून वाळत नाहीत. त्यांतील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते, त्यामुळे पृष्ठभाग बोटाला कोरडा लागला तरी आतला थर कच्चा असू शकतो. पातळ थरांना किमान 6 महिने आणि जाड थरांना वर्षभर द्यावे. शिवाय पावसाळ्यातील दमट हवेत लावलेल्या व्हार्निशवर दुधाळ झाक येते, म्हणून डिसेंबरातील एखादी कोरडी दुपार निवडावी. एवढ्या कष्टाने रंगवलेला घाट घाईपायी धुरकट व्हावा, असे मला मनापासून वाटत नाही.

फर्निचरचे व्हार्निश कृपया वापरू नये. ते पिवळे पडते आणि मूळ रंगाला इजा न होता निघत नाही; चित्रांसाठीचे व्हार्निश मात्र पुढे सौम्य द्रावकाने काढता येते. चित्र आडवे ठेवावे, धूळ झटकावी, रुंद मऊ ब्रशने पातळ थर द्यावा. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ निरांजन किंवा समई तेवत नसावी.