सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, मग पोराला खेळू देऊ का?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, डाव्या कोपऱ्याला. गेल्या रविवारी मॅचमध्ये अँकल होल्डसाठी झेपावला आणि रेडरचा गुडघा थेट कानशिलावर बसला. बेशुद्ध नाही पडला. तोंडावर पाणी मारलं, दोन मिनिटं बसवलं आणि परत मॅटवर पाठवलं. घरी आल्यावर एकच गोष्ट तीन-तीनदा विचारायला लागला, उलटी झाली, मग घाबरून सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आहे. आता चार दिवस झालेत, डोकं अजून दुखतंय, पुस्तक उघडलं की जास्तच. पण येत्या रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे, तो हट्टाला पेटलाय आणि त्याचे सरही म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग काय. काय करू?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, या रविवारी नाही म्हणजे नाही. फोनवर तुम्हाला सांगितलंच आहे, पण असे फोन मला दर सीझनला येतात म्हणून इथे सगळ्यांसाठी लिहितेय.

सीटी स्कॅन कशासाठी करतात तर कवटीला तडा गेलाय का, आत रक्तस्राव झालाय का ते बघायला. ते नाहीये, ही खूप मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या मुलाला झालंय ते कन्कशन, म्हणजे डोक्याला झटका बसला की मेंदू आतल्या आत हलतो आणि पेशींचं काम काही दिवस बिघडतं, त्यांना एनर्जी जास्त लागते आणि नेमकी तेव्हाच ती कमी मिळते. हा बिघाड स्कॅनमध्ये दिसत नाही. दिसतो तो पोराच्या वागण्यात, तेच तेच विचारणं, चक्कर, उजेड सहन न होणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं. आणि बेशुद्ध नाही पडला म्हणजे काही झालं नाही हे तर डोक्यातून काढूनच टाका, कन्कशन झालेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत.

मला सगळ्यात जास्त राग त्या दोन मिनिटांचा येतो. डोक्याला लागून पोरगं गोंधळलं तर त्या दिवशी ते परत मॅटवर जायलाच नको, मग फायनल का असेना. लक्षणं उशिराही येतात. 2019 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा बाउन्सर ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला, तो बाहेर गेला, तपासणी झाली, परत येऊन 92 वर आउट झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवायला लागला. तिथे टीमचे डॉक्टर होते. आपल्या तालुक्याच्या मैदानावर कोण असतं? आणि मेंदू सावरलेला नसताना दुसरा फटका बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते, फार क्वचित होतं पण झालं तर जीव जातो, आणि धोका या वयाच्या पोरांनाच जास्त.

आता काय करायचं. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल अगदी कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची पद्धत आता राहिली नाही, उलट त्यानंतर थोडं चालणं चांगलं. मग सायकल, मग हलकं धावणं, मग एकट्याने फूटवर्क, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, डोकं जास्त दुखलं की थांबायचं. आधी शाळा नीट जमली पाहिजे, मग खेळ. पकडीची प्रॅक्टिस डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. या वयात महिनाभरही लागतो. आणि चाचणीसाठी गोळी खाऊन डोकेदुखी दाबू देऊ नका, पोरं हे करतात.

डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या, फिट, बोलणं अडखळणं, हात किंवा पाय लुळा पडणं, झोपेतून नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा, जुना रिपोर्ट नॉर्मल असला तरी. आपला क्रिकेटपटू रमण लांबा 1998 मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय फील्डिंगला उभा होता, बॉल डोक्याला लागला, तो स्वतःच्या पायांनी चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि तीन दिवसांनी वारला. आतला रक्तस्राव असा फसवतो.

प्रश्न: मी पुण्यात क्लब क्रिकेट खेळतो. हेल्मेटवर बॉल लागला, हेल्मेटला ओरखडाही नाही, तरी दोन दिवस गरगरतंय. हेल्मेट खराब आहे का?

उत्तर: हेल्मेटने कवटी वाचवली, त्याचं काम त्याने केलं. पण आतला मेंदू हलतो तो हेल्मेटने थांबत नाही. डॉक्टरांना दाखव, गरगर पूर्ण जाईपर्यंत नेटमध्ये जाऊ नकोस, आणि जोरात फटका खाल्लेलं हेल्मेट बदल, वरून चांगलं दिसलं तरी. जानेवारी 2025 मध्ये तुमच्याच गहुंज्याला शिवम दुबेच्या हेल्मेटला शेवटच्या ओव्हरमध्ये बॉल लागला, कन्कशन म्हणून त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि सगळीकडे भांडण एकच, ऑलराउंडरच्या जागी बोलर कसा. ते भांडण बरोबरच होतं, पण दुबेचं डोकं कसं आहे हे विचारणारे मला फार कमी दिसले. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की, काय सुंदर बॅट्समन, डोक्याला पुन्हा पुन्हा लागून 27 व्या वर्षी क्रिकेट सोडून बसला.

प्रश्न: वडील कोल्हापुरात वीस वर्षं फुटबॉल खेळले, हेडिंगसाठी, म्हणजे डोक्याने बॉल मारण्यासाठी, प्रसिद्ध होते. आता साठीत विसरायला लागलेत. हेडिंगमुळेच का?

उत्तर: असू शकतं, पण खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲस्टल 2002 मध्ये वारला तेव्हा तिथल्या चौकशीत हेडिंगचाच संबंध लावला गेला, आणि 2019 च्या ग्लासगोच्या अभ्यासात माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साधारण साडेतीन पट निघालं. वारंवार फटक्यांनी होणारा जो खास आजार आहे, सीटीई, त्याचं पक्कं निदान तर मृत्यूनंतरच होतं. म्हणून त्या विचारात अडकू नका. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड या आठवड्यात तपासा, बीपी-शुगर बघा, कानांनी नीट ऐकू येतंय का तेही, कारण विसरण्याची यातली काही कारणं औषधाने सुधारतात. मग न्यूरोलॉजिस्टकडे न्या, आणि किती वर्षं खेळले, डोक्याला कधी कधी लागलं होतं ते कागदावर लिहून न्या, जुन्या टीममधल्या मित्रांना विचारा, त्यांना आठवत असेल.