मासळी कायमची सोडून शाकाहार आणि रोज अमृतवेलीचा (गुळवेलीचा) काढा सुरू केला, तर रोगप्रतिकारशक्ती वाढेल का?

शाकाहाराने फायदा होईल, पण ताटात काय वाढून घेता त्यावर. रोजचा काढा मात्र नको, आणि तुम्ही लिहिलंय तसं मधुमेही आईला तर नकोच नको. गोव्यात म्हापशाला माझं औषधांचं दुकान आहे. 'इम्युनिटीसाठी काहीतरी द्या' हे करोनापासून सतत कानावर पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

श्रावणात आपण मासळी बंद करतो. पण तिच्या जागी काय येतं बघा: पुरी, बटाट्याची भाजी, साबुदाणा, शिरा, संध्याकाळी मिरची भजी. सगळं शुद्ध शाकाहारी, आणि आईची साखर वर. याच दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका टायकिळा, कुड्डूक, तेरें, फागलां, किल्लां अशा पावसाळी रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं घातलेली टायकिळ्याची भाजी कुठल्याही 'बूस्टर'पेक्षा मला जास्त पटते. कारण साधं आहे. भाजीतला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न असतो. ते त्यापासून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि तिथल्या रोगप्रतिकारक पेशी ताळ्यावर राहतात. शरीरातल्या अशा पेशींचा सगळ्यात मोठा साठा आतड्यांच्या आसपासच असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते, त्यात बटाटा धरत नाहीत.

प्रथिनांसाठी आळसांदे (चवळीचा प्रकार), मूग आहेतच. मुगागाठींसाठी, म्हणजे मोडाच्या मुगाच्या रश्शासाठी, आपण मूग भिजवून मोड आणतो, त्याने लोह-जस्त अडवणारं फायटेट कमी होतं आणि लोह, जस्त अंगाला जास्त लागतं. वर लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. नाचणीची आंबील चालू ठेवा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

मासळी सोडल्यावर खरी उणीव भासते ती बी-12 जीवनसत्त्वाची. वनस्पतींत ते भरवशाचं मिळत नाही. सोलकढी दिसायला दुधाळ असली तरी नारळाच्या रसात ते नसतं. दूध-दही रोज हवं, नाहीतर गोळी. आई मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेते म्हणालात. बरीच वर्षं घेतल्यास त्या गोळीनेही बी-12 कमी होतं. तळपायांना मुंग्या येत असतील तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

आता काढा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल, म्हणजे आपली अमृतवेल, घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशभरातल्या रुग्णालयांतून असेच 43 रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने आधीच्या नोंदींवर आक्षेप घेतला होता, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण आपल्या कुंपणावरची वेल कुठली, हे तरी आपण कुठे तपासून घेतो? बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी दिसत होती. नुसती 'वाढवण्याची' ही गोष्टच नव्हे. दमा, ल्युपस (शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतं तो आजार), संधिवाताचे काही प्रकार हे भलतीकडे वळलेल्या प्रतिकारशक्तीचेच आजार आहेत.

बिंबलांचंही (आंबट बिलिंबी फळांचंही) तेच. आमटीत चार बिंबलां घाला, काही बिघडत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरवायला त्यांचा रस पेला पेला प्यायल्यावर मूत्रपिंडं बंद पडल्याच्या नोंदी केरळमधून आल्या आहेत. रसात ऑक्झॅलेट एकवटतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. चवथीला आपण माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, कडू कवंडळ बांधतो, म्हणून कोणी ते चिरून खात नाही ना!

वनौषधींत दम नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आईच्या मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या एका झुडपातच आहे. शिकलेल्या वैद्याने तपासून, मोजून, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं औषध वेगळं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून वर्षभर ढोसलेला काढा वेगळा.

आईने काढा आधीच सुरू केला असेल तर आजच थांबवा आणि तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीबरोबर साखर नको इतकी खाली जाऊ शकते, तेव्हा घाम, थरथर याकडे लक्ष ठेवा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, अन्नावर वासना नाही, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. एरवीही पुढच्या साखरेच्या तपासणीला एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि बी-12 दोन्ही करून घ्या, वेगळं रक्त काढावं लागत नाही.