‘ठीक’ लिहू नकोस

चि. बाळास,

परवा रंकाळ्यावर भेळ संपेपर्यंत तुझा एकच प्रश्न, “काका, तिथं किती पळवायला देतात?” आलेली टेस्ट ड्रायव्हरची नोकरी तुला हलकी वाटते, कारण सुरुवातीला खडबडीत ट्रॅकवर तीसच्या वेगानं दिवसदिवस गाडी हाकायची. मला रात्री झोप लागली नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितोय.

वेगाचं आधी उरकतो. मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र आहे, तिथला हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. ११.३ किलोमीटर लांब, १६ मीटर रुंद. वळणं अशी तिरपी बांधलीत की २५० च्या आसपास गाडी स्टिअरिंग न ओढता वळण घेते. म्हणजे वेग गाडीचा, वळण ट्रॅकचं. तुझं त्यात काय, सांग बघू?

तुझं काम सांगायचं. २०० ला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. त्यात स्टिअरिंग मधोमध असताना हाताला पोकळ लागतं का, सात-आठ वेळा जोरात ब्रेक मारल्यावर पेडल खाली जातं का, लेन बदलताना मागची बाजू पुढचीच्या मागून उशिरा येते का, हे अंगानं टिपायचं आणि खाली उतरून लिहायचं. दहापैकी गुण द्यायचे. साडेसहाच का, सात का नाही, हे इंजिनिअरला वाचून कळलं पाहिजे. सेन्सर आकडा देतो. माणसाला ते कसं लागलं, ते तू देणार.

तुझे वडील उद्यमनगरात काय करतात? लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग म्हणतात, “दुसऱ्या नंबरचं बेअरिंग.” कधी ‘आवाज ठीक आहे’ म्हणून गिऱ्हाईक वाटेला लावलंय त्यांनी? लॅम्बॉर्गिनीचे नावाजलेले टेस्ट ड्रायव्हर बाल्बोनी १९६८ मध्ये तिथं शिकाऊ मेकॅनिक म्हणूनच लागले. टोयोटाचे नारुसेही आधी मेकॅनिक. पुढं तेच तिथले सगळ्यात मोठे टेस्ट ड्रायव्हर झाले, आणि २०१० मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेसट्रॅकजवळच्या साध्या रस्त्यावर चाचणीच्या गाडीतच गेले. पान्हा हातात घेतलेल्या माणसाला गाडी काय बोलते ते कळतं. तुझ्या घरात ही विद्या फुकट आहे आणि तू हायवेवर कागलपर्यंत रील काढत फिरतोस. लाज वाटते का रे?

आता माझं. हे मी कोणाला सांगत नाही. कंपनीचं नाव तुला नको, मलाही नको. गाडी बाजारात यायला थोडेच दिवस होते. संध्याकाळची शेवटची फेरी, १८० च्या वर, सीटमधून डाव्या मांडीला बारीक घरघर लागली. डांबराची असेल म्हटलं. इंजिनिअर घड्याळ बघत उभा होता, मलाही गाव गाठायचं होतं. रकान्यात लिहिलं, ‘ठीक’. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीवर माझा जोडीदार होता. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जाम झालं आणि गाडी कठड्याला गेली. जीव वाचला. पाय आखूड राहिला. आता तो पंक्चरचं दुकान चालवतो. मी महिन्याला जातो, चहा पितो. त्यानं एकदाही विचारलं नाही, तुला आदल्या दिवशी काही लागलं होतं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून ‘ठीक’ लिहू नकोस. शंका असेल तर शंका लिही. डांबर की बेअरिंग कळत नसेल, तर ‘कळत नाही, पुन्हा फेरी द्या’ असं लिही.

त्यानंतर मी एवढं लिहायला लागलो की मला कटकट्या म्हणू लागले. पुढं एका गाडीच्या ब्रेकवर सही करायला मी नाही म्हणालो. करार वाढवला नाही त्यांनी. तुझी काकू अजून म्हणते, एक सही केली असती तर आज पुण्यात फ्लॅट असता. असता. पण पेडल चौथ्या ब्रेकलाच मऊ झालं होतं, मी काय खोटं लिहू? बरोबरच होतो मी. तिला हे किती वेळा सांगितलं. तुलाही सांगतोय बघ, तू विचारलंही नव्हतंस.

असो. ती नोकरी घे. खडबडीत ट्रॅकवर तीसच्या वेगाला जे खडखडतं ते ओळखता आलं नाही, तर २०० ला काय कळणार तुला? तालमीत पोरगं आधी माती उकरतं, मग कुस्ती.

रविवारी वडिलांची जुनी गाडी घेऊन ये. पन्हाळ्याचा घाट चाळीसनं चढायचा, गाणी बंद, काचा वर. शंभर पानी वही आण आणि पेन्सिल आण. वर पोचल्यावर मी चहा घेईन, तू लिहीत बस. दोन पानं झाल्याशिवाय तुला झुणका-भाकर नाही.

तुझा काका