अष्टकाच्या पुढे जाऊन ऊर्जा बघा

हेलियम, निऑन, झेनॉन यांसारखे निष्क्रिय वायू सहसा अभिक्रिया का करत नाहीत? ‘अष्टक (सर्वांत बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण असतं म्हणून’ एवढ्यावर थांबू नका, ते उत्तर अर्धंच आहे. ऊर्जेचा हिशेब मांडा. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल प्रति मोल पुरतात, निऑनला 2081 लागतात. इलेक्ट्रॉन घेण्याचंही तसंच: निऑनमध्ये नव्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या कवचात जावं लागतं, तिथे आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ झाकतात आणि तो टिकत नाही. (हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, तिथे अष्टक म्हणू नका.)

या वायूंच्या गटात खाली जाताना आयनीभवन ऊर्जा (पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) घटते. झेनॉनची 1170, म्हणजे जवळपास ऑक्सिजनच्या रेणूइतकी! हेच साम्य हेरून रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी 1962 मध्ये झेनॉनचं संयुग बनवलं. त्यामुळे ‘निष्क्रिय वायूंची कधीच अभिक्रिया होत नाही’ असं लिहिलंत तर ते चूक ठरेल.